तीन हजार सातशे साठ फेरे

"चिंधी सोडा न् माझ्या चाकाला बांधा," मी म्हणाले. "तुमची सायकल नागमोडी चालून राहिली साहेब. माप वाढंल."

बसलिंगप्पा साहेब तोवर पन्नास पावलांत दोनदा पडले होते. दुसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी उठायची घाई केली नाही. बसल्या बसल्याच पँटचे पाय मोज्यांत खोचून घेतले. ते उदगीरचे, नव्या लातूर जिल्ह्याचे ओव्हरसियर. त्यांची जीप गावाबाहेरच्या खचलेल्या मोरीपाशी अडली होती, ड्रायव्हर जीपच्या सावलीत आडवा झाला होता, आणि साहेबांच्या वाट्याला केरबामामाची अठ्ठावीस इंची काळी सायकल आली होती.

"तुला मोजता येईल का गं?" साहेबांनी विचारलं.

"नववीत गणितात पहिली हाय मी."

"ते पुस्तकातलं झालं. हे मुरमावरलं हाय."

"सायकल मुरमावरच शिकले मी. डांबरावर अजून चालवली बी न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुढच्या चढाकडे बघितलं आणि केरबामामाच्या चाकाची चिंधी सोडून माझ्या हातात दिली. चिंधी नागुमामीच्या जुन्या लुगड्याची होती, हिरवी. पुढच्या चाकाच्या तारेला ती गाठ मारून बांधायची. चाक एकदा फिरलं की चिंधी दांडीला लागून टप् वाजते. एक टप् म्हणजे एक फेरा.

"एका फेऱ्याला सव्वा दोन मीटर," साहेब म्हणाले. "सायकल म्हणलं की तेवढंच धरायचं. आमच्यात सगळे तेच धरतात."

मी डाव्या खिशात चाळीस चिंचोके मोजून टाकले. शंभर टप् झाले की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्यात. ही युक्ती माझी स्वतःची. मग पायडलवर पाय ठेवला आणि आम्ही निघालो.

हा रस्ता कुठून आला ते आधी सांगते. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या माळेवाडीला काम पाहिजे होतं, म्हणून रस्ता काढला. रस्त्याचं काही काम नव्हतं, कामाला रस्ता पाहिजे होता. टेकड्यांतून वर-खाली करत तो शिवेच्या धोंड्यापर्यंत जातो. धोंड्यापलीकडे नांदेड जिल्हा, आणि पलीकडच्या कवठाळ्याच्या माध्यमिक शाळेचा झेंड्याचा खांब तिथून दिसतो. ती माझी शाळा. या रस्त्यावरून यष्टी जात नाही, ट्रक जात नाही, एक बैलगाडी महिन्यातून कधीतरी. नुसता तांबडा मुरूम, दोन्ही बाजूंना सुकलेलं कुसळी गवत आणि मधून पळणारा ससा.

कवठाळ्याला डांबरी रस्त्यानंही जाता येतं. पण त्यावर यंदा पाण्याचे टँकर पळतात. आई म्हणाली होती, "त्या रस्त्यानं गेलीस तर शाळा बंद. केरबाच्या रस्त्यानं जा." मावशी दवाखान्यात नर्स आहे. तिची बदली माहूरला झाली. तिथल्या घाटात लेडीज सायकल काय कामाची, म्हणून ती मला मिळाली. त्या दिवसापासून गावात पोरी मला 'पंचशीला मोटार' म्हणतात. म्हणू द्या.

केरबामामा या रस्त्याचा मैलकुली. म्हणजे सरकारनं नेमलेला माणूस, रस्त्याचे खड्डे भरायचे, कडेच्या चाऱ्या मोकळ्या ठेवायच्या, मुरूम पसरायचा, धुमसानं ठोकायचा. बहात्तरला त्यानं हा रस्ता खोदला आणि मग त्याच रस्त्यावर त्याला नोकरी लागली. तो काही माझा सख्खा मामा नाही. आईच्या माहेरच्या गावचा, म्हणून मामा. त्यानंच मला सायकल शिकवली. "उतारावर बूड उचल. हँडल गच्च धरू नको, कोंबडीच्या पिलावानी धर. न् मुरमावर हवा कमी ठेव, चाक दगडावर नाचत न्हाई मग."

जिल्हा उस्मानाबाद होता तोवर सगळं ठीक होतं. तिथल्या साहेबाला इकडे यायला दोन दिवस लागायचे, म्हणून कोणी आलंच नाही. दप्तरात रस्त्याची लांबी 'अंदाजे पाच मैल' लिहिलेली होती आणि दहा वर्षं ती तशीच राहिली. मग लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले, केरबामामानंही खाल्ला. लातूर जवळ, त्यामुळे साहेब लगेच आला.

त्याच्या आधी एक कागद आला होता. नव्या जिल्ह्याच्या रस्त्यांची नवी यादी होणार. कच्चा रस्ता आठ किलोमीटर किंवा जास्त असला तर यादीत राहील, त्याला मैलकुली राहील. आठाच्या आत असला तर यादीतून बाद, आणि मैलकुली जिथं पाहिजे तिथं. केरबामामाला वाचता येत नाही. मीच वाचून दाखवला.

"पाच मैलाचे किती किलोमीटर?" त्यानं विचारलं.

"आठला थोडे वर."

"मग झालं की." तो उठला, फावडं उचललं आणि कामाला गेला. पण त्या आठवड्यात तो अंधार पडेपर्यंत रस्त्यावरच राहिला. दुष्काळात मुरमाचं अवघड असतं. पाणी मारल्याशिवाय तो बसत नाही, फुटाण्यासारखा चाकाखालून उडतो. पाणी तर टँकरचं, माणशी दोन घागरी. केरबामामानं आठ दिवस आंघोळ केली नाही. आपल्या आंघोळीची घागर डोक्यावर घेऊन तो खड्ड्यांवर ओतून यायचा.

"रस्त्याला रोज अंघूळ," नागुमामी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "न् नवरा पारोसा. मीच रस्ता झाले असते तर बरं झालं असतं."

मोजणीच्या दिवशी मामा पहाटेच फावडं-घमेलं घेऊन चालत पुढे गेला होता, राहिलेले खड्डे बुजवत. शिवेच्या धोंड्यापाशी थांबतो म्हणाला. साहेबांसाठी सायकल रॉकेलनं पुसून, चाकाला चिंधी बांधून ठेवली होती. त्याच्या सायकलीचं चाक मोजायचं, असंच त्याच्या डोक्यात होतं.

पहिल्या टेकडीवर साहेब सायकलीवरून उतरले. दुसऱ्या टेकडीवर सायकल त्यांच्यावर रेलून चालत होती.

"अय्यो शिवा," ते म्हणाले, "हे चढ कशाला ठेवले मधी मधी?"

"टेकडीच तशी हाय साहेब."

"न् हे वळण? समोर सरळ जागा हाय की. रस्ता उगं डावीकडं का गेला?"

"पारूबाईमुळं."

"कोण पारूबाई?"

"मुकादमाला सरळ वर न्यायचा होता रस्ता. पारूबाईनं टोपलं खाली ठिवलं न् म्हणली, म्या हितून वर चढत न्हाई, तुला पाहिजे तर रस्ता वळव. समद्या बाया बसल्या तिच्यासंगं. तीन दिवस बसल्या. मग वळवला."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. 'पारूबाई' लिहिलं असेल असं वाटत नाही.

वळणाच्या कडेला, जिथून तेव्हा मुरूम काढला, तिथे मोठा खड्डा आहे आणि खड्ड्याच्या मधोमध पुरुषभर उंचीचा मातीचा एक खांब. खोदताना मधला एवढा तुकडा तसाच सोडायचा असतो. म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते कळतं आणि खड्डा किती खोल गेला ते मोजता येतं. मामाची माणसं त्याला साक्षीदार म्हणायची. मोजणी झाली की साक्षीदार तोडतात. हा एक राहिला.

"साकु, साकु," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "बास झालं. पाच मिंटं बसू." त्यांनी सायकल खड्ड्याच्या कडेला दगडाला टेकवली. मी माझी तिच्या शेजारी टेकवली. एकोणीस चिंचोके आणि बेचाळीस, हे तोंडात घोळवत मी पाणी प्यायले आणि साहेबांना साक्षीदाराची गोष्ट सांगितली. ती मामाची आवडती गोष्ट. ग्यानोबाच्या टोळीनं म्हणे रात्रीतून साक्षीदाराच्या डोक्यावर वीतभर माती चढवली, म्हणजे खड्डा वीतभर जास्त खोल दिसेल. कोणाला कळू नये म्हणून वरून छान गवत लावलं. दुसऱ्या दिवशी मोजणीला आलेला साहेब लांबूनच हसायला लागला. सगळा माळ जळालेला आणि साक्षीदाराच्या डोक्यावर हिरवंगार गवत!

बसलिंगप्पा साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मग?"

"मग काय, समद्यांचेच खड्डे परत मोजले. प्रामाणिक टोळ्यांचे बी. चार दिवस काम बंद."

सायकल उचलायला वाकले तेव्हा मला ते दिसलं. दोन चाकं शेजारी शेजारी उभी होती आणि माझं चाक मामाच्या चाकाहून चार बोटं बुटकं होतं.

गणितात पहिली आलेल्या मुलीला हे आधी कळायला पाहिजे होतं. लेडीज सायकलीचं चाक चोवीस इंची. लहान चाक, जास्त फेरे. आणि साहेब प्रत्येक फेऱ्याला मोठ्या चाकाचे सव्वा दोन मीटर धरणार. चालत्या सायकलीवर मी हिशोब केला. रस्ता खरा किती का असेना, माझ्या चाकावर तो मोठाच निघणार होता.

मी गप्प बसले. उलट मला इतका आनंद झाला की पुढचा उतार मी बूड उचलून, हँडल कोंबडीच्या पिलासारखं धरून, एकदाही ब्रेक न लावता उतरले. मागून साहेब ओरडत होते, "अगं हळू, हळू, चुकशील!" मी चुकले नाही. टप् टप् टप् टप्. आयुष्यात इतक्या वेगानं मी कधी मोजलं नव्हतं.

शिवेच्या धोंड्यापाशी मामा फावड्यावर हात ठेवून उभा होता. धोतर स्वच्छ होतं, डोक्याला धुतलेलं मुंडासं. शेवटचा चिंचोका उजव्या खिशात गेला तेव्हा सदतीस झाले होते. वर साठ.

"तीन हजार सातशे साठ," मी म्हणाले.

साहेब पाच मिनिटांनी पोचले. धोंड्यावर बसून त्यांनी वहीत गुणाकार केला, पुन्हा एकदा केला आणि म्हणाले, "आठ हजार चारशे साठ मीटर. केरबा, सुटलास बघ. साडेआठ किलोमीटर हाय तुझा रस्ता."

केरबामामाचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यानं मुंडासं काढलं, परत बांधलं. मग साहेबांना पाणी दिलं, मला दिलं आणि आपली सायकल बाजूला घ्यायला म्हणून वळला. पुढच्या चाकाकडे त्याची नजर गेली. तिथे चिंधी नव्हती.

त्यानं माझ्या चाकाकडे बघितलं.

मी त्याच्याकडे बघून मान हलवली. नको, अशी. अगदी बारीक.

मामा माझ्या सायकलीपाशी उकिडवा बसला. हिरव्या चिंधीला त्यानं बोट लावलं. मग वितीनं चाक मोजलं, खालून वर, तीन विती. नांदेडकडून वारा येत होता आणि शाळेच्या खांबाची दोरी खांबावर आपटत होती. साहेब वही मिटत होते.

"साहेब," मामा बसूनच म्हणाला, "ह्ये चाक ल्हान हाय."

"काय?"

"लेडीज हाय न्हवं ही. माझ्या सायकलीइतकं न्हाई जात ही एका फेऱ्याला."

"केरबा," साहेब हळू म्हणाले, "मी वही मिटलीय."

"हाव साहेब. दिसलं मला."

"मी काही बघितलं न्हाई. समजलं का? पोरीनं मोजलं, मी लिवलं. संपलं."

"मला दिसलं की पर." मामा उठला, गुडघे झटकले. "परत धरा. जे येईल ते."

साहेबांनी वही उघडली नाही. ती त्यांनी माझ्याकडे दिली. मला वाटतं त्यांना ते स्वतःच्या हातानं लिहायचं नव्हतं. मामानं मुरमावर फावड्यानं रेघ मारली, माझं चाक रेघेवर ठेवलं, चिंधी खाली घेतली आणि सायकल एक फेरा ढकलली. जिथे चिंधी परत खाली आली तिथे दुसरी रेघ. साहेबांनी खिशातली टेप काढून दोन रेघांमधलं अंतर बघितलं. एक मीटर नव्वद.

तीन हजार सातशे साठ गुणिले एक पूर्णांक नऊ दशांश. मी अक्षर चांगलं काढलं. सात हजार एकशे चव्वेचाळीस.

"म्हंजी किती?" मामानं विचारलं.

"सात किलोमीटर. वर थोडं."

"पाच मैल न्हाई मग."

"साडेचार बी न्हाई, मामा."

"बघ की," तो म्हणाला. "धा वर्सं म्या पाच म्हणलो."

परत जाताना साहेब मामाच्याच सायकलीवर, मामा चालत. साहेब दर चढाला उतरणार आणि मामा त्यांना गाठणार, म्हणजे ते बरोबरच पोचले असतील. मी शाळेत गेले. भूगोलाच्या तासाला नव्या जिल्ह्याचा नकाशा काढायचा होता. तालुके रंगवताना शेजारची रत्नम्मा म्हणाली, "आज मोटार बंद पडली का गं?"

संध्याकाळी पारूबाईच्या वळणावर मामा भेटला. खड्ड्याच्या कडेला बसला होता, साक्षीदाराकडे तोंड करून. मी सायकल टाकूनच दिली.

"कशाला बोललास?" मी म्हणाले. "साहेबच म्हणत होता वही मिटली. त्यालाच न्हाई नड, तर तुला काय नड होती? आता कोण बघणार ह्यो रस्ता? म्या कशी जाऊ शाळेला? मोठा हरिश्चंद्र!"

मामा हसला नाही. "लई बोलायला शिकलीस," एवढं म्हणाला. मग खड्ड्याकडे बोट करून म्हणाला, "त्या साक्षीदारावरलं गवत."

"ग्यानोबाच्या टोळीचं. म्हाईत हाय. शंभरदा सांगितलंस."

"ग्यानोबा माती चढवत होता. गवत म्या लावलं. हिरीच्या काठचं आणलं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळून." त्यानं खाली पडलेली माझी सायकल उचलून उभी केली. "चार दिस काम बंद राहिलं त्यात पारूबाईच्या घरी चूल पेटली न्हाई. तिचं खोदणं बरूबर होतं. तिनं मला कधी इचारलं बी न्हाई."

मग तो फावडं घेऊन पुढे गेला. वाटेत एक खड्डा होता तो त्यानं बुजवला. तेव्हा अजून हुकूम आला नव्हता, तो मैलकुली होताच.

हुकूम महिन्यानं आला. उदगीरच्या पुढचा डांबरी रस्ता, इथून चाळीस किलोमीटर. मामानं फावडं, घमेलं, धुमस जमा केलं, सायकलीच्या कॅरियरवर वळकटी बांधली. जाताना नागुमामीनं त्याच्या चाकांत हवा भरली. "डांबरावर जास्त लागती," ती मला म्हणाली. दर पंधरा दिवसांनी तो रविवारी येतो. आला की आधी आंघोळ करतो, मामी पाठ चोळून देते आणि गल्लीला ऐकू जाईल असं काही म्हणत नाही.

एकदा आम्ही वर्गातल्या सगळ्या मुली किल्ला बघायला यष्टीनं उदगीरला गेलो तेव्हा खिडकीतून मला तो दिसला. टँकरांची रांग जात होती आणि तो रस्त्याच्या खाली, चारीत उतरून, घमेलं पोटाशी धरून रांग संपायची वाट बघत होता. मी हात केला. यष्टी थांबली नाही.

आमचा रस्ता आता कुणाच्याच यादीत नाही. ग्रामपंचायत म्हणते आमच्याकडे माणूस नाही. मी रोज त्याच रस्त्यानं शाळेत जाते, आणि चिंधी मी सोडलेली नाही. ती वाजते म्हणून मोजते, दुसरं काही नाही. मामा गेला त्या आठवड्यात तीन हजार सातशे साठच आले. पंधरा दिवसांनी तीन हजार सातशे चौसष्ट. मला वाटलं मी चुकले. दुसऱ्या दिवशी परत चौसष्ट. मग लक्षात आलं. दुसऱ्या टेकडीच्या उतारावर दोन खड्डे पडलेत आणि मी ते वळसा घालून चुकवते. खड्डे चुकवत गेलं की रस्ता वाढतो.

रविवारी मामाला हे सांगितलं. त्याला गंमत वाटली असावी. "आठ किलोमीटर व्हायला किती लागतील?" त्यानं विचारलं.

ते मी आधीच काढून ठेवलं होतं. "चार हजार दोनशे अकरा."

"लांब हाय अजून," मामा म्हणाला आणि चहाचा कप खाली ठेवला.

आज तीन हजार सातशे एक्क्याण्णव आले.